रोमन चांदीची नाणी जमवायची आहेत? पहिला डेनारियस घेण्याआधी एवढं वाचा

मी इंग्लंडमध्ये राहते आणि गेली सहा वर्षं प्राचीन रोमन चांदीची नाणी जमवतेय. मंडळाच्या गणपतीत कुणाला हे कळलं की लगेच प्रश्न सुरू होतात, खरी असतात का, आपल्याला परवडतात का, कायद्यात बसतं का, कुठून घ्यायची. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढावं म्हटलं. मला सुरुवातीला सांगणारं कुणी नव्हतं, त्यात पैसेही गेले आणि वर्षभर उत्साहही गेला, तुमचा जाऊ नये एवढीच इच्छा.

एक गोष्ट आधीच सांगते कारण बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. आधी नाणं वाचायला शिका, मग विकत घ्या. जे नाणं तुम्हाला वाचता येत नाही ते घेऊ नका, कितीही स्वस्त असो.

१. कुठल्या नाण्यांबद्दल बोलतोय ते समजून घ्या

रोमन चांदीचं मुख्य नाणं म्हणजे डेनारियस. साधारण इ.स.पू. २११ च्या सुमाराला, हॅनिबलशी युद्ध चालू असताना सुरू झालं. आकाराने आपल्या जुन्या चार आण्याएवढं, १७ ते २० मिलिमीटर, हातात घेतल्यावर पहिल्यांदा सगळेच म्हणतात, अरे एवढंसंच? आपल्याकडच्या गुप्तकाळातल्या शिलालेखांत जो 'दीनार' शब्द येतो तो या डेनारियसवरूनच आलेला आहे.

वजन सुरुवातीला साडेचार ग्रॅमच्या आसपास, मग प्रजासत्ताकाच्या, म्हणजे सम्राट येण्याआधीच्या, बहुतेक काळात ३.९ च्या जवळ, आणि इ.स. ६४ मध्ये नीरोने ते साधारण ३.४ वर आणलं. चांदीही कमी होत गेली. ऑगस्टसचं नाणं जवळपास शुद्ध, सेप्टिमियस सेव्हेरसच्या वेळेला जेमतेम निम्मी चांदी. पुढे इ.स. २१५ मध्ये कॅराकॅलाने एक मोठं नाणं काढलं, त्याला आज अँटोनिनियानस म्हणतात, त्याच्यावर सम्राटाच्या डोक्यावर सूर्यकिरणांसारखा टोकदार मुकुट असतो म्हणून लगेच ओळखू येतं. पन्नासेक वर्षांत त्यात चांदी नावालाच उरली, तांब्यावर वरून चांदीचा पातळ मुलामा. म्हणजे 'रोमन सिल्व्हर' असं लिहिलेलं प्रत्येक नाणं चांदीचं असेलच असं नाही, हे आत्ताच डोक्यात ठेवा.

२. आधी ही साधनं घ्या

नाण्याआधी यावर खर्च करा, फार नाही लागत:

- दहापट दाखवणारं भिंग (लूप), सोनारांकडे असतं तसं
- ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा
- व्यास मोजायला कॅलिपर, प्लॅस्टिकचा चालेल, धातूच्या टोकाने ओरखडा पडतो
- एका बाजूने उजेड टाकता येईल असा टेबललॅम्प
- एक वही. मोबाइलमध्ये नोंदी ठेवल्या तरी वही ठेवाच

पुस्तकं महाग आहेत पण आता अडत नाही. साम्राज्यकाळातल्या नाण्यांची जी मोठी सूची आहे, 'रोमन इम्पीरियल कॉइनेज', जिला सगळे आरआयसी म्हणतात, तिच्या आधारे बनवलेला ओसीआरई नावाचा डेटाबेस ऑनलाइन फुकट आहे. प्रजासत्ताकासाठी क्रॉफर्डची सूची (१९७४) आणि तिच्यावरचा सीआरआरओ हा डेटाबेस. चित्रात काय आहे, अक्षरं काय आहेत ते टाकलं की नंबर मिळतो, बहुतेक ठिकाणी संग्रहालयातल्या खऱ्या नाण्यांचे फोटोही.

३. चित्र वाचायला शिका: चेहरा नको, हात बघा

हा भाग मला सगळ्यात आवडतो म्हणून थोडं लांबण लावते.

नाण्याच्या पुढच्या बाजूला सम्राट किंवा घरातली राणी, मागच्या बाजूला बहुतेक वेळा एक उभी किंवा बसलेली स्त्री. नवीन माणसाला सगळ्या सारख्याच दिसतात. पण आपण मराठी माणसांना खरं तर हे जड जायला नको. आपल्याकडे विष्णूच्या चोवीस मूर्ती आहेत, केशव, नारायण, माधव वगैरे, आणि त्या ओळखायच्या कशा तर शंख, चक्र, गदा, पद्म कुठल्या हातात आहे त्यावरून. रोमन नाण्यांचंही अगदी तसंच आहे, हातातली वस्तू बघायची आणि नाव सांगायचं.

हातात तराजू आणि दुसऱ्या हातात फळांनी भरलेलं शिंग: एक्विटास, म्हणजे न्याय्य व्यवहार. पण टाकसाळीची मोनेटाही अगदी तशीच उभी असते, तिथे अक्षरं वाचल्याशिवाय गत्यंतर नाही. जहाजाचं सुकाणू आणि शिंग असेल तर फॉर्च्युना, नशीब. ऑलिव्हची फांदी म्हणजे पॅक्स, शांतता. पंख आणि पानांचं वर्तुळ म्हणजे व्हिक्टोरिया. सापाला खायला घालणारी सॅलस, आरोग्य. हातात धान्याची कणसं आणि पायाशी मापटं दिसलं की अन्नोना, म्हणजे रोम शहराचा धान्यपुरवठा, पोटाची सोय सरकार करतंय हे लोकांना सांगणारं नाणं. एका हाताने घागऱ्याची कड उचलून दुसऱ्या हातात फूल धरलेली ती स्पेस, आशा. लिबरालिटासच्या हातात चौकोनी फळी असते, सम्राट लोकांना पैसे वाटायचा तेव्हा नाणी मोजायची फळी.

ही दहा-बारा रूपं पाठ झाली की निम्म्याहून जास्त नाणी तुम्ही फोटोवरून ओळखाल, खरंच.

त्यापुढची पायरी म्हणजे हे चित्र त्या वर्षी का काढलं असेल असा विचार करणं. इ.स. ७० मध्ये जेरुसलेम पडलं आणि व्हेस्पासियनच्या डेनारियसवर विजयचिन्हाखाली डोकं धरून बसलेली ज्युडिया, म्हणजे स्त्रीच्या रूपात दाखवलेला ज्यूंचा प्रदेश, आली. इ.स. ८० मध्ये कोलोसियमचं उद्घाटन झालं आणि टायटसच्या नाण्यावर हत्ती आला. हेड्रियनने सगळं साम्राज्य पालथं घातलं, मग बऱ्याच प्रांतांची वेगवेगळी नाणी, इजिप्तच्या हातात सिस्ट्रम नावाचा खुळखुळा आणि समोर आयबिस पक्षी, आफ्रिकेच्या डोक्यावर हत्तीच्या सोंडेचा टोप, स्पेनजवळ चक्क ससा. 'सैन्याची निष्ठा' असं लिहिलेली नाणी मला तर जेव्हा सैन्याचा भरवसा वाटेनासा होतो तेव्हाच जास्त दिसतात.

माझ्याकडे नाही पण मी संग्रहालयात खूप वेळ बघत बसले होते असं एक नाणं प्लॉटिलाचं आहे. कॅराकॅलाची बायको, लग्न इ.स. २०२ मध्ये. मागे दोघं हातात हात घेऊन उभे आणि भोवती लिहिलंय 'शाश्वत ऐक्याला'. तीनच वर्षांत तिच्या बापाला मारलं आणि तिला हद्दपार केलं, पुढे तिलाही मारलं. नाण्यावरचे हात मात्र अजून एकमेकांत आहेत. पावणेदोन सेंटिमीटरच्या चांदीवर एवढं सगळं मावतं म्हणून मी या छंदात आहे.

४. अक्षरं: भीती बाळगू नका

लॅटिन येत नाही म्हणून बरेच जण इथेच थांबतात. भाषा यायची गरज नाही, पंधराएक संक्षेप पुरतात. साम्राज्यकाळात अक्षरं बहुतेक वेळा डावीकडे खालून सुरू होऊन घड्याळाच्या दिशेने फिरतात. शब्दांमध्ये मोकळी जागा नसते, आणि यू हे अक्षर व्ही सारखं लिहितात.

आयएमपी म्हणजे इम्पेराटोर, सेनापती-सम्राट. एव्हीजी म्हणजे ऑगस्टस. पीएम म्हणजे मुख्य पुरोहित. पीपी म्हणजे राष्ट्रपिता. सीओएस म्हणजे कॉन्सल हे वरचं सरकारी पद, पुढे आकडा असेल तर कितव्यांदा. आणि सगळ्यात उपयोगी टीआरपी, ट्रिब्यूनचा (लोकांच्या प्रतिनिधीचा) अधिकार, तो दरवर्षी नव्याने मिळायचा, त्यामुळे पुढचा आकडा बघितला की नाणं कुठल्या वर्षाचं ते कळतं.

अजून एक गंमत, जीची संख्या मोजा. ए-व्ही-जी असेल तर एक ऑगस्टस, ए-व्ही-जी-जी असेल तर दोन, आणि ए-व्ही-जी-जी-जी असेल तर तीन, म्हणजे इ.स. २०९ पासून, जेव्हा बाप सेव्हेरस आणि कॅराकॅला, गेटा हे दोन्ही मुलगे एकाच वेळी ऑगस्टस होते. २११ च्या शेवटी कॅराकॅलाने धाकट्या भावाला मारलं आणि जिथे जिथे गेटाचं नाव होतं तिथून खोडायला लावलं. दगडावरचं खोडलं गेलं, लोकांच्या खिशातली नाणी राहिली.

५. एक विषय धरा

दिसेल ते घेत सुटलात तर दोन वर्षांनी तुमच्याकडे वीस नाणी असतील आणि सांगायला गोष्ट एकही नसेल. सुरुवातीला माझा सल्ला सेव्हेरसचं कुटुंब हाच. नाणी भरपूर सापडलेली आहेत त्यामुळे परवडतात, साधारण ४० ते ८० पौंडांत नीट वाचता येणारं नाणं मिळतं, आणि गेटा तर लहान मुलापासून दाढीवाल्या माणसापर्यंत वाढताना दिसतो.

दुसरा विषय आपल्या जिव्हाळ्याचा: भारतात आलेली नाणी. ऑगस्टसचं एक नाणं आहे ज्याच्या मागे त्याचे दोन नातू गायस आणि लुसियस ढाली-भाले घेऊन उभे आहेत, आणि टायबेरियसचं, ज्याच्या मागे खुर्चीत बसलेली स्त्री आहे. भारतात, त्यातही दक्षिणेत सापडलेल्या साठ्यांमध्ये चांदीच्या नाण्यांत हीच दोन सगळ्यात जास्त आहेत. प्लिनी या रोमन लेखकाने तक्रार केली होती की भारत दरवर्षी साम्राज्याचे ५ कोटी सेस्टर्स ओढून नेतो, चार सेस्टर्सचा एक डेनारियस म्हणजे सव्वा कोटी डेनारियस झाले. त्याच काळातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात भरूच, कल्याण, पैठण, तेर ही नावं आहेत, आणि भरूचला रोमन सोन्याचांदीची नाणी स्थानिक चलनात बदलली तर फायदा होतो हेही लिहिलंय. सुट्टीत घरी गेलात तर तेरचं लामतुरे संग्रहालय आणि कोल्हापूरच्या टाउन हॉलमधली ब्रह्मपुरीला सापडलेली पोसायडनची छोटी ब्राँझ मूर्ती बघून या. टायबेरियसचं नाणं मात्र महाग, बायबलमधल्या कराच्या नाण्याशी त्याचं नाव जोडलं गेल्यामुळे काही शे पौंड सहज लागतात.

सीझरचं हत्तीचं नाणं किंवा अँटनीची लीजनची (सैन्याच्या तुकड्यांची) नाणी, ज्यांच्यावर एका बाजूला जहाज आणि दुसऱ्या बाजूला गरुडध्वज असतो, ती सगळ्यांनाच हवी असतात. पहिल्या वर्षी त्यांच्या मागे लागू नका.

६. खरं की खोटं

माझं पहिलं नाणं खोटं निघालं. सुट्टीत एका जुन्या अवशेषांच्या बाहेर एका माणसाने रुमालातून हेड्रियन काढून दाखवला, शेतात सापडलाय म्हणाला, ७० युरो दिले. घरी येऊन वजन केलं तर २.४ ग्रॅम. भिंगाखाली कडेवर सगळीकडून फिरलेली एक बारीक रेघ दिसली, घासून सपाट केलेली, म्हणजे साच्याच्या दोन भागांचा सांधा. अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोलसर. पुढे एकदा अगदी तसंच दुसरं नाणं फोटोत दिसलं, तीच चीर, त्याच जागी. त्या दिवशी फार वाईट वाटलं, पण शिकले मात्र पुष्कळ.

खरी नाणी हाताने ठोकलेली असतात, दोन ठशांमध्ये तापवलेली चकती ठेवून हातोड्याचा घाव. म्हणून चित्र मधोमध नसणं, कडेला चीर असणं, एका बाजूला अक्षरं न उमटणं हे सगळं चालतं. एकाच ठशाची दोन खरी नाणीही असतात, पण त्यांची चकती वेगळी, चित्राची बैठक वेगळी. चकती, चिरा, खड्डे सगळंच तंतोतंत जुळत असेल तर ओतलेली नक्कल. भिंगाखाली बारीक बुडबुड्यांचे खड्डे दिसले तरीही तेच.

हे सापळे लक्षात ठेवा:

- मुलाम्याची जुनी नाणी. आत तांबं आणि वर चांदीचा पत्रा, त्या काळातच केलेली बनावट. कडेला किंवा झिजलेल्या जागी हिरवट-तांबूस दिसतं, वजन कमी भरतं. याचेही संग्राहक आहेत, पण किंमत खऱ्याची देऊ नका.
- ठोकलेल्या आधुनिक नकला. वजनही बरोबर असतं. यांच्यापुढे आपली नवशिक्याची नजर पुरत नाही, म्हणून विकणारा माणूस महत्त्वाचा.
- न साफ केलेल्या नाण्यांच्या पिशव्या. 'आत चांदीही असू शकते' म्हणून विकतात. जवळजवळ सगळं उत्तरकाळातलं झिजलेलं तांबं-ब्राँझ निघतं.
- सीझरला मारणाऱ्या ब्रुटसचं 'मार्च १५' (त्या खुनाची तारीख) नाणं स्वस्तात. दोन खंजीर आणि मध्ये टोपी. खरं नाणं लाखो पौंडांचं, तुमच्या-माझ्या हातात येणारं खोटंच.

आणि एक सवय मोडा. आपल्याकडे नाणं वाजवून घ्यायची पद्धत, खणखणीत वाजलं की खरं. इथे ते अजिबात करू नका. दोन हजार वर्षांची चांदी आतून ठिसूळ झालेली असते, खरं नाणंही फरशीवर पडून दोन तुकडे होऊ शकतं. बघताना खाली मऊ कापड पसरा आणि नाणं कडेने धरा.

७. घ्यायचं कुठून

ज्याचा नाण्यांचा धंदा बऱ्याच वर्षांपासून आहे आणि जो खरेपणाची कायमची हमी लिहून देतो अशाच डीलरकडून पहिली पाच नाणी घ्या. दहा-वीस पौंड जास्त जातील, ती शिकवणी समजा. शक्य असेल तर कॉइन फेअरला जा, लंडनमध्ये कॉइनेक्स दरवर्षी भरतं, तिथे नाणी हातात घेऊन बघता येतात, भिंग काढलंत म्हणून कुणी रागावत नाही, प्रश्न विचारले तर उलट खूश होऊन सांगतात.

लिलावात उतरायचं असेल तर हातोडा पडलेली किंमत ही शेवटची किंमत नसते. त्यावर बायर्स प्रीमियम, म्हणजे लिलाववाल्यांचं कमिशन, साधारण २० टक्के किंवा जास्त, मग पोस्टेज, परदेशातून येत असेल तर व्हॅट आणि कुरियरचा चार्ज. सगळं धरून आकडा आधी वहीत लिहा आणि त्याच्यापुढे एक पौंडही जाऊ नका. रात्री अकरा वाजता समोरच्याशी चढाओढ लागली की भान सुटतं.

८. कायदा आणि कागदपत्रं

हे वाचायला कंटाळवाणं आहे पण टाळू नका. २०२० मध्ये लंडनच्या एका लिलावात ब्रुटसच्या त्याच नाण्याचा सोन्याचा नमुना ३२ लाख पौंडांहून जास्त किमतीला गेला. मग त्याच्या मालकीचा इतिहास खोटा रचलेला होता हे उघड झालं आणि २०२३ मध्ये अमेरिकेतल्या अधिकाऱ्यांनी तो ग्रीसला परत केला. नाणं खरं होतं, कागद खोटे होते.

प्रत्येक नाण्याबरोबर एवढं ठेवा:

- बिल, त्यावर नाण्याचं पूर्ण वर्णन आणि सूचीतला नंबर
- खरेपणाची लेखी हमी
- आधी कुणाकडे होतं त्याची माहिती, जुन्या लिलावाचा नंबर, जुनी चिठ्ठी असेल तर तीही
- ज्या देशातून आलं तिथे लागत असेल तर निर्यात परवाना
- दोन्ही बाजूंचे आणि कडेचे तुमचे स्वतःचे फोटो, वजन आणि व्यास

इंग्लंडमध्ये मेटल डिटेक्टर घेऊन फिरणार असाल तर जमिनीच्या मालकाची परवानगी आधी. एका जागी ३०० वर्षांहून जुनी सोन्याची किंवा चांदीची दोन नाणी सापडली तरी १९९६ च्या ट्रेझर अ‍ॅक्टप्रमाणे १४ दिवसांत कॉरोनरला, म्हणजे अशा शोधांची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवावं लागतं.

भारताबद्दल बरेच जण चुकतात. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात १०० वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू आहे आणि ती परवानगीशिवाय देशाबाहेर नेणं गुन्हा आहे. जमिनीत सापडलेल्या धनासाठी १८७८ चा वेगळा कायदा आहे, ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं असतं. म्हणजे गावाकडे कुणी 'आमच्या शेतात रोमन नाणी निघालीत, घेऊन जा' म्हणालं तर हात लावू नका. आणि तुमचं इथलं नाणं आईबाबांना दाखवायला म्हणून घेऊन गेलात तर परत येताना विमानतळावर अडकू शकतं. मी फोटोच नेते.

९. घरी आल्यावर

काही करू नका. हे ऐकायला सोपं आणि पाळायला अवघड आहे, कारण चांदी काळी पडली की आपले हात शिवशिवतात, चिंच, लिंबू, टूथपेस्ट, राखुंडी, काहीतरी लावावंसं वाटतंच. तो काळसर-निळसर थर म्हणजेच नाण्याचं तेज, घासून चकचकीत केलेल्या नाण्याची किंमत पडते आणि बारीक ओरखडे कायमचे राहतात.

पीव्हीसीच्या मऊ पाकिटात ठेवू नका, काही वर्षांत हिरवा चिकट थर येतो आणि चांदी खातो. मायलार या प्लॅस्टिकची पाकिटं किंवा आम्लविरहित कागदाचे लिफाफे घ्या. लाकडी ट्रे हवा असेल तर महोगनीचा, ओकच्या लाकडातून आम्ल सुटतं. डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. घराच्या विम्यात नाण्यांची यादी वेगळी लिहून द्या.

मग चिठ्ठी लिहा. माझ्या पहिल्या खऱ्या नाण्याची अशी आहे, तुम्हाला नमुना म्हणून देते:

*ज्युलिया डोम्ना, सेप्टिमियस सेव्हेरसची पत्नी, सीरियातल्या एमेसाची. डेनारियस, रोमची टाकसाळ. ३.२१ ग्रॅम, १९ मिमी. पुढे: उजवीकडे बघणारी, केसांच्या लाटा, मागे अंबाडा, कानाजवळच्या बटा झिजलेल्या. अक्षरं: ज्युलिया ऑगस्टा. मागे: पिएटास (धर्मनिष्ठा), डोक्यावरून पदर, वेदीवर धूप घालतेय, दुसऱ्या हातात धुपाची डबी. अक्षरं: पिएटास ए-व्ही-जी-जी, दोन जी. आरआयसी ५७२. कडेला एक चीर, जुनी.*